मंगळवारच्या खिचडीचं पातेलं

मित्रांनो, मी एक जुनं स्टीलचं पातेलं आहे, आणि खरं सांगायचं तर मी फार दमलेलं आहे. बूड काळं पडलंय, एक कडी ढिली झालीय, झाकण तर कधीच धड बसत नाही. तरी दर मंगळवारी सकाळी मला गॅसवर चढावंच लागतं. बसून राहायची सोय नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. भांड्यांच्या दुकानात वरच्या फळीवर मी धूळ खात पडलेलं होतं. वाटायचं, एखाद्या लग्नघरी आपली वर्णी लागेल, आपल्यात बासुंदी आटेल. पण मला न्यायला आले ते मुकुंदवाडीचे राजेंद्र आणि तनुजा. राजेंद्रनं दुकानदाराला एवढंच सांगितलं, "नाव घालून द्या." दुकानदारानं माझ्या पोटावर मशीन टेकवलं आणि टरटर करत अक्षरं उमटली : कै. इंद्रजीत राजेंद्र याच्या स्मरणार्थ. तेव्हा मला कळलं, बासुंदी आपल्या नशिबात नाही.

इंद्रजीत हा त्यांचा एकुलता एक मुलगा. घरात सगळे त्याला जितू म्हणत. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला होता. औषधांनी तोंड आलं की त्याला पाणीसुद्धा गिळवत नसे. मग तनुजानं त्याच्यासाठी एक खिचडी बसवली. तांदूळ, मुगाची डाळ, चमचाभर तूप, मिरचीचं नाव नाही, आणि इतकी मऊ की चावायचं कामच नको. तेवढी एकच गोष्ट त्याच्या पोटात जायची. पुढे जितू गेला, आणि तनुजाच्या हाताला त्या खिचडीची सवय राहिली. ज्या रुग्णालयात तो होता, तिथल्या लेकरांना दर मंगळवारी ती न्यायची असं तिनं डॉक्टरांना विचारून ठरवलं. त्यासाठी मला आणलं होतं.

सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. वर्षश्राद्धाला नातेवाईक आले, माझ्याशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढले. गल्लीतल्या मंडळानं तनुजाला शाल-नारळ दिला. डाळ निवडायला शेजारणी यायच्या, रिक्षात मला धरायला कुणीतरी सोबत असायचं. मग एकेक जण गळाला. कुणाची ड्युटी बदलली, कुणाचे गुडघे दुखायला लागले. मी कुणाला नावं ठेवत नाही. पण शेवटी रिक्षात मी आणि तनुजाच उरलो. कढत पातेलं दोन्ही पायांमध्ये धरून ती बसायची.

आणि मग खिचडी उरायला लागली. आधी थोडी तळाला, मग निम्मी. तनुजाला वाटलं, मीठ चुकतंय. तिनं तूप वाढवलं, तांदूळ बदलून पाहिला. खरं कारण मला माहीत होतं. वाढताना माझी नावाची बाजू समोरच्यांकडे असायची. लेकरांच्या आया ती अक्षरं वाचायच्या आणि हातातली वाटी हळूच पदराखाली घ्यायच्या. पण पातेल्यानं हे सांगायचं कुणाला?

सांगितलं ते द्वारकाबाईनं. भोकरदनकडची ही म्हातारी आपल्या नातीला, सोनियाला घेऊन वॉर्डात राहत होती. माझ्यावर कुण्या गेलेल्या लेकराचं नाव आहे, एवढं वॉर्डातल्या आयांकडून तिच्या कानावर आलं होतं. सोनियानं वाटी पुढे केली, तसा आजीनं तिचा हात धरला.

"राग धरू नको बाई," ती तनुजाला म्हणाली. "पण मेलेल्या लेकराच्या नावाचं अन्न मी माझ्या नातीला नाय चारणार. तेराव्याचं जेवण आजारी माणसाला कुणी देतं का?"

"तेराव्याचं नाही हो आजी. आज सकाळीच घरी शिजवलंय. माझंच लेकरू होतं ते."

"म्हणूनच म्हणते. त्यालाबी हाच आजार व्हता ना?"

तनुजानं झाकण लावलं. त्या दिवशी मी जसं गेलं तसंच भरलेलं घरी आलं.

"पुसून टाकू नाव," राजेंद्र जेवता जेवता म्हणाला. तो वाळूजच्या एका कंपनीत आहे. "आमच्याकडं ग्राइंडर आहे, घासून चकाकी आणायला बफिंग आहे. लई वेळ नाय लागणार."

"शाळेच्या हजेरीतून त्याचं नाव गेलं. रेशनकार्डावरून गेलं. मी नाव काढलं की लोक विषय बदलतात," तनुजा म्हणाली. "आता भांड्यावरूनबी काढू का?"

राजेंद्र ताटावरून तसाच उठला.

मला सज्ज्यावर पालथं घातलं गेलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं. किती दिवसांनी अंगाला आच नव्हती. पण मंगळवार उजाडला आणि खाली गॅस पेटला नाही, डाळ धुतल्याचा आवाज आला नाही, तेव्हा जीव थाऱ्यावर राहिना.

त्या मंगळवारी तनुजा रिकाम्या हातानं रुग्णालयात जाऊन आली. राजेंद्र कामावरून येईपर्यंत ती ओट्यापाशी बसून होती. तो आल्यावर म्हणाली, "सोनियाचं तोंड आलंय. पाणी गिळवत नाय तिला. मला विचारत होती, मावशी, खिचडी नाय आणली? आजी भिंतीकडं बघत बसली." मग तिनं स्टूल घेतलं, मला खाली काढलं, पदरानं माझ्यावरची धूळ पुसली आणि मला राजेंद्रसमोर ठेवलं. "घेऊन जा. इथं नको करू, मला बघवणार नाय."

दुसऱ्या दिवशी पिशवीत बसून मी कंपनीच्या बसनं वाळूजला गेलं. जेवणाच्या सुट्टीत राजेंद्रनं मला बाहेर काढलं. त्याच्या सोबत काम करणाऱ्या सर्जेरावनं माझ्यावरची अक्षरं वाचली आणि हात पुढे केला. "दे, मी करतो."

"नको. मीच घालून घेतलं होतं," राजेंद्र म्हणाला.

त्यानं आधी 'कै.' घालवलं. मग दुसऱ्या टोकाचं 'याच्या स्मरणार्थ' घालवलं. थोडा वेळ माझ्या अंगावर नुसतं 'इंद्रजीत राजेंद्र' एवढंच राहिलं, बारशाच्या भेटीवर मामा घालून देतो तसं. त्यानं मशीन बंद केलं आणि बघत राहिला. मला वाटलं, राहू द्यावं एवढं. पण हे नाव कुणाचं, ते आता सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं. सर्जेराव तोंड फिरवून उभा राहिला. मग राजेंद्रनं पुन्हा बटण दाबलं.

पुढच्या मंगळवारी द्वारकाबाईनं माझ्या पोटावरच्या चकचकीत पट्ट्यावरून बोट फिरवलं. सोनियाची वाटी तिनं स्वतःच पुढे केली. सोनिया एकेक घास तोंडात घोळवत खात राहिली. बऱ्याच वेळानं वाटी रिकामी झाली. मीही तळापर्यंत रिकामं झालं होतं.

तनुजा नको म्हणत असताना द्वारकाबाई मला घासायला नळावर घेऊन गेली. मला विसळता विसळता तिनं हळूच विचारलं, "मला वाचता येत नाय बाई. काय नाव व्हतं लेकराचं?"

तनुजानं नळ बंद केला. म्हणाली, "इंद्रजीत. आम्ही जितू म्हणायचो."

"जितू," द्वारकाबाई म्हणाली.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. शाल नको, फोटो नको. मंगळवारी रिक्षात माझी एक कडी धरायला कुणीतरी या, तनुजाचे हात आता दुखतात. खिचडीत मिरची घालू नका. आणि कधी मला घासायची वेळ आली, तर माझ्या पोटावरच्या त्या पट्ट्यावरून हात जरा हळू फिरवा. तिथं आता काही लिहिलेलं नाही, तरीसुद्धा.