आमटीला लसणाचा वास

झुंबरबाईंनी आमटीच्या पातेल्यावरचं झाकण उचललं आणि हात तिथंच थबकला. कटाच्या आमटीला भाजल्या खोबऱ्याचा, आल्याचा वास यायला हवा. तो होताच, पण त्याच्या आडून आणखी कुणीतरी डोकावत होतं. त्यांनी पुन्हा हुंगलं. लसूण!

खाली गल्लीत माणसांचा आवाज आला. शिवाजी पेठेतल्या सप्ताहाचं सकाळचं कीर्तन आटोपून बुवा जेवायला निघाले होते. बुवांना कांदा-लसूण वर्ज्य. झुंबरबाई दरवर्षी आमंत्रण द्यायच्या आणि दरवर्षी बुवांचं पान दुसऱ्याच घरी पडायचं. यंदा कुठं पांडुरंगानं त्यांच्या घराकडं बघितलं होतं.

"निशे! आमटीत लसूण कुणी घातला?"

सून निशिगंधा तव्यावरची पोळी उलटत होती. "लसूण? छे! आलं-मिरचीचंच वाटण हाय, आई."

"वाटलंस कशात?"

 निशिगंधाची नजर ओट्यावरच्या लसूण दाबायच्या चिमट्याकडं गेली. पतसंस्थेच्या काउंटरवर बसणारी पोर ती. बोटांना वास नको म्हणून गेल्या महिन्यात तिनं तो आणला होता. पाकळी ठेवायची, दांडे दाबायचे, भोकांतून चेचलेला लसूण खाली. झुंबरबाईंनाही तो आवडला होता, फक्त कबूल केलं नव्हतं.

या घरात खलबत्ते दोन. लोखंडी लसणाचा, दगडी देवाच्या नैवेद्याचा. लोखंडीला निशिगंधानं हातसुद्धा लावला नव्हता. पण चिमटा नवा. तो कुठल्या बाजूचा, हे तिच्या डोक्यातच आलं नाही आणि आलं-मिरची तिनं त्यातच दाबली.

झुंबरबाईंनी बांगडीत अडकवलेली पिन काढली आणि चिमट्याच्या भोकात खुपसली. लसणाची पिवळी पडलेली तार बाहेर आली.

"हे काय हाय? बघ की डोळं फाडून!"

"साबणानं घासला होता, आई. दोनदा."

"भोकातलं साबणाला दिसतंय व्हय? दगडी खल काय तुझ्या बापाच्या वाटंकडं डोळं लावून बसलाय?"

"बापाला कशाला काढताय?" निशिगंधाचाही आवाज चढला. "पुरण शिजवू, पोळ्या लाटू का खल कुटू? रजा काढून पहाटेपासनं एकटी राबतोय मी. तुम्ही तिकडं पुढं बसून टाळ्या वाजवत होता!"

हे खरं होतं. आणि खरं होतं म्हणूनच झुंबरबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. कीर्तनाला रंग चढला होता, पाय उठवेना. घरी सून आहे की, म्हणून त्या निवांत डोलत राहिल्या होत्या.

"तोंड वर करून बोलतीस? बुवांचं व्रत मोडाय निघालीस तू!"

निशिगंधा जरा नरमली. "एवढासाच तुकडा, आई. कुणाला कळतंय? वाढूया तशीच."

"मला कळतंय की! सकाळी त्यांच्या म्होरं मान डोलवायची अन् दुपारी त्यांच्या पानात हे वाढायचं? जीभ झडंल माझी!"

अन्न ओतायचं पाप नको, म्हणून त्यांनी आमटीचं पातेलं उचललं आणि मागच्या खोलीत नेऊन आदळलं. बटाट्याच्या भाजीतही तेच वाटण. भाजीही तिकडंच गेली. उरल्या पोळ्या, भात, दूध आणि तूप. कीर्तनकाराच्या पानात ना आमटी ना भाजी! झुंबरबाईंना रडू येत होतं, पण संतापानं ते डोळ्यांपर्यंत पोचतच नव्हतं.

बुवा पाटावर बसले. शेजारी सप्ताहाचे पुढारी, म्हणजे झुंबरबाईंचे दीर पिराजी. झुंबरबाईंनी पान वाढलं आणि पदर सावरून सगळं सांगून टाकलं. चिमटा, भोकं, आमटी, काही झाकलं नाही.

बुवा काही बोलायच्या आतच पिराजी हसले. "काय सांगताय वैनी! लसणाला बी मशीन? बुवा, शिकलेली सून म्हणजे ही असली तऱ्हा. दोन बोटांचं काम व्हईना आन् म्हणं पगार आणतीया. आमच्या घरात असती तर आजच्या आज वाटंला लावली असती."

स्वयंपाकघरात उलथनं खाली पडलं.

झुंबरबाईंनी हातातली तुपाची वाटी ठक्कन खाली ठेवली. मघाचा सगळा राग अजून तसाच पेटलेला होता; आता त्याला दुसरी वाट मिळाली.

"भावजी, खाली बसून आयतं खाणाऱ्यानं चुलीफुडं उभं राहणारीला शिकवायचं न्हाय! माझी सून हाय ती. मी बोलीन, मी रागवीन, तुमी कोण? गेल्या एकादशीला गळ्यात माळ घालून मटणाचा पांढरा रस्सा कुठं वरपलासा, सांगू का बुवांस्नी?"

पिराजींचा घास हातातच राहिला. कान लाल झाले. त्यांनी बुवांकडं बघितलं नाही, पोळीकडंच बघत बसले.

बुवांनी ताट थोडं पुढं सरकवलं. "माउली, दूध वाढा," ते म्हणाले. "पोळी दुधातच मऊ लागते. आणि सूनबाईंना सांगा, पोळी फार हलकी झालीय."

झुंबरबाई तणतणत आत आल्या. निशिगंधा ओट्याला टेकून पदरानं नाक पुसत होती.

"ऐकलंस न्हवं, पोळ्या हलक्या झाल्यात? लगीच माफ केलं असं समजू नगंस. संध्याकाळी बघते तुला." त्यांनी दुधाचं पातेलं तिच्या हातात कोंबलं. "तूच जाऊन वाढ. आन् आधी डोळं पूस, न्हायतर बुवांस्नी वाटंल मी मारलं."