पाचवा वाफा

माझे सासरे शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले, पाठोपाठ सासूबाई गेल्या आणि त्यांनी बोलणंच टाकलं. मग एक दिवस कुठेसं वाचून आले, की निलगिरीच्या पानांचा अर्क फवारला तर बाजरीत तण येत नाही. दुसऱ्याच दिवशी दारात पानांची पोती, पिंप, आणि गाळायला माझी चांगली सुती साडी! पण माणूस पोटभर जेवायला लागला, म्हणून मी साडीवर पाणी सोडलं.

मागच्या अंगणात त्यांनी बाजरीचे पाच वाफे केले, फवारले. आठवड्याने पाहते तर तण माजलेलं. त्यांचा पडलेला चेहरा पुन्हा बघायची माझी हिंमत नव्हती. ते दुपारी झोपले तशी मी खुरपं घेऊन बसले आणि पाचही वाफे साफ केले. एकदाच, असं ठरवलं होतं. पण तण काय, आठवड्याने पुन्हा हजर. मग रोज दुपारी थोडं थोडं खुरपणं सुरू झालं.

नवऱ्याला सांगितलं. "बाबा खूश आहेत ना? मग तुला काय धाड भरलीय?" तो म्हणाला. खुरपायला मी होतेच ना!

दोन महिन्यांत लोक वाफे बघायला येऊ लागले. आज सकाळी तर सातजण रिकामे कॅन घेऊन आले. सर्वांत शेवटी कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई. विधवा बाई, एकच शेत, वर्षाचं धान्य त्याच्यावर.

"या वर्षी खुरपणीला माणसं लावतच नाही मग," त्या मला म्हणाल्या. "चालेल ना गं?"

मी त्यांच्या कॅनवर हात ठेवला. "नका असं करू. बाबा, तण मी उपटत होते. रोज दुपारी."

सासरे मोठ्याने हसले. "बघा! शोध लागला की वाटेकरी लगेच उभे राहतात!"

सगळे हसले. शिंपीणबाईही हसल्या आणि भरलेला कॅन उचलून निघाल्या.

फाटक लागलं तसं सासऱ्यांचं हसू मावळलं.

"पाचव्या वाफ्यात मी नुसतं पाणी मारत होतो," ते हळूच म्हणाले. "तुलनेसाठी. तोही स्वच्छ निघाला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या पंधरवड्यापासून."

"मग त्या बाईला का दिलंत? तिचं पीक जाईल, बाबा!"

ते खाली बघत राहिले. "माणसं घरी यायला लागली होती गं," म्हणाले.

मला त्यांचा संताप आला आणि रडूही आलं. मी फाटकाशी धावले. शिंपीणबाई कोपऱ्यावर कॅन टेकवून दम खात होत्या. एक हाक मारली की झालं असतं. पण कालपर्यंत त्या हाकेने सासरे चुकलेले ठरले असते, आज खोटारडे ठरणार होते. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

शिंपीणबाईंनी मला पाहून हात हलवला. मीही हलवला.