सायरनची पेटी

नागभीडच्या स्टेशनजवळ गुलाब रेडिओ दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानात कुणीतरी खेळण्यातली पोलीस-मोटार टाकून गेलं. चाकं बंद, पण सेल घातले की सायरन वाजे. मोटार उघडून बघताना आतल्या सर्किटच्या पट्टीला गुलाबचं बोट लागलं आणि सायरनचा सूर सरकन वर चढला. बोट दाबलं, आणखी चढला. सैल केलं, उतरला.

गुलाब चक्रावला. त्यानं पट्टीला दोन तारा जोडल्या, त्या दोन पितळी खिळ्यांना डाक देऊन पक्क्या केल्या, सगळं लाकडी खोक्यात बसवलं. दोन्ही खिळ्यांवर अंगठे ठेवले की खोकं गायचं. पण सकाळी ज्या दाबाला जो सूर निघे, तो दुपारी निघत नसे. का, ते काही केल्या उमगेना.

बुद्धपौर्णिमा आली. गायनपार्टीच्या देवाजीभाऊंच्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला होता. ते म्हणाले, "तुयं खोकं आन गा. सूर धरला तरी पुरे."

विहारापुढच्या मांडवात ऊन मावळलं तरी जमीन तापलेली होती. देवाजीभाऊंनी गाणं उचललं. गुलाबनं अंगठे टेकले, तर खोकं नुसतं गुरगुरलं. माणसं हसू लागली. गुलाबनं अंगठे सदऱ्याला पुसून पुन्हा टेकले.

बायांमधून त्याची बायको रुखमा पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यानं एका हातानं तांब्या धरला, तिनंही अजून सोडला नव्हता; त्याचा दुसऱ्या हाताचा अंगठा खिळ्यावरच राहिला. पाणी हिंदकळलं, दोघांचे हात भिजले. खोकं कलंडू नये म्हणून रुखमानं त्यावर हात टेकला, तो नेमका दुसऱ्या खिळ्यावर. खोक्यातून लांब, गोड सूर निघाला. तिनं दचकून खिळ्यावरचा हात उचलला. सूर थांबला.

"ठेव हात," गुलाब म्हणाला.

"लोकं पाहून राह्यले ना."

"पाहू दे. ठेव."

तिनं ठेवला. एकच तांब्या दोघांनी धरलेला, दोघांची दोन खिळ्यांवर बोटं. ती दाबायची तेव्हा सूर चढे, तो सैल करी तेव्हा उतरे. देवाजीभाऊंनी त्याच सुरात गाणं पुन्हा धरलं. आता कुणी हसत नव्हतं, पण हे काय चाललंय तेही कुणाला कळत नव्हतं.

गाणं संपल्यावर देवाजीभाऊंनी माईक बाजूला केला. "गुलाब, हे वाजवते कोन? तू का रुखमाबाई?"

"मले नाई समजून राह्यलं, भाऊ."

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यानं एकट्यानं, हात ओले करून पाहिलं. सूर निघाला, पण कालचा तो नव्हता. पाण्याचा गुण म्हणावा की रुखमाचा, या विचारात त्यानं गिऱ्हाईकाचा रेडिओ उलटा जोडला.

पुढच्या आठवड्यात तळोधीहून पार्टीला बोलावणं आलं. देवाजीभाऊ दुकानापुढे सायकल थांबवून म्हणाले, "दोघंही या."

घरी रुखमा तांदूळ निवडत होती. गुलाबनं निरोप सांगितला. तिनं सूप खाली ठेवलं.

"मले कुठी वाजवता येते?"

"मले तरी कुठी येते," गुलाब म्हणाला, आणि तिच्या शेजारी बसून तांदळातले खडे वेचू लागला.