दहा थेंब आणि ते थंडगार पिंप

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. रंगाने हिरवा, पोटाला पोचा आलेला, आणि सांगायला हरकत नाही, स्वभावाने जळका. आतली ऊब मी बाहेर जाऊ देत नाही, अशी माझी ख्याती आहे. ती कॉफीपुरती खरी. मत्सर मात्र माझ्या झाकणातून सारखा गळत असतो.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका कारखान्यात झाला. एकात एक अशा मला दोन भिंती आहेत आणि त्यांच्या मधली हवा काढून घेतलेली आहे. म्हणजे मधे काहीच नाही. त्या 'काहीच नाही'वर माझा सगळा मोठेपणा उभा आहे. तिथल्याच ग्रिम्सबीच्या बंदरात मासे विकायला आलेल्या ह्याल्ती नावाच्या तरुण कोळ्याने मला विकत घेतलं आणि आपल्या गावी, आइसलँडमधल्या ओलाव्सविकला आणलं. तेव्हापासून मी त्याच्या होडीवर.

पोच्याची हकीकत ऐकाच. एकदा वादळात मी समुद्रात पडलो आणि एका देवमाशाने मला गिळलं. त्याच्या पोटात मी आठवडाभर राहिलो. अखेर माझ्या उष्णतेने त्याला पित्त झालं आणि त्याने मला नेमकं ह्याल्तीच्याच होडीवर थुंकलं. ह्याल्तीने झाकण उघडलं, तर कॉफी अजून वाफाळत होती! ह्याल्ती मात्र सगळ्यांना सांगतो की मी गोदीच्या पायऱ्यांवरून घरंगळलो. पण त्याचं आता वय झालं आहे. तुम्ही देवमाशालाच विचारा.

आमच्या गावात कॉफी मागायची एक रीत आहे. कप पुढे करून कोणी 'भरून द्या' म्हणत नाही. ते अधाशीपणाचं दिसतं. 'दहा थेंब दे' म्हणायचं, आणि देणाऱ्याने कप काठोकाठ भरायचा. कोणी खरंच दहा थेंब ओतले, तर बंदरावर त्याला पुन्हा कोणी विचारत नाही. उभा जन्म मी असे दहा-दहा थेंब वाटले. पेट्रोल पंपावर कागदी पेल्यातली कॉफी आली तेव्हा मी जळलो. ह्याल्तीच्या घरी विजेची किटली आली तेव्हा तर महिनाभर माझं झाकण नीट बसेना. एकाच जिवाचा मला कधी मत्सर वाटला नाही. ती म्हणजे ह्याल्तीची नात, स्वाला.

स्वाला माशांच्या खोक्यावर पाय लोंबकळत बसायची, माझं झाकण दोन्ही हातांत पुढे धरायची आणि मोठ्या माणसासारखी म्हणायची, "आजोबा, दहा थेंब." तिच्यासाठी माझ्या पोटात कोको असे. ओठांवर तपकिरी मिश्या उमटल्या की ती मला पापा द्यायची. किटलीला कोणी पापा देत नाही, हे इथे नमूद करतो.

मग स्वालाच्या पायांवर निळे डाग उठू लागले. खोक्यावर चढताना तिला धाप लागायची. राजधानीच्या दवाखान्यात सांगितलं, रक्ताचा कर्करोग. औषधं झाली, केस गेले, पुन्हा आले. आणि केसांच्या मागोमाग रोगही परत आला. डॉक्टर म्हणाले, "इथे आमच्याकडे होतं ते सगळं करून झालं. स्वीडनमध्ये एक नवा उपचार आहे. तिच्याच रक्तातल्या पेशी काढून घेतात, रोग ओळखायला शिकवतात आणि परत तिच्याच अंगात सोडतात."

"म्हणजे कुत्र्याला आपल्या मेंढ्या ओळखायला शिकवतात तसं," ह्याल्ती म्हणाला.

"तसंच, बाबा," स्वालाची आई थोर्डिस म्हणाली. "फक्त शाळा दूर आहे. पेशी स्वीडनमध्ये काढणार, दुसऱ्या देशातल्या कारखान्यात शिकवणार, आणि तिथून गोठवून परत आणणार."

"गोठवून?" ह्याल्तीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "गोठवलेला मासा आणि ताजा मासा एक असतो का गं?"

"बाबा, ते मासे नाहीत."

"गोठवलेलं ते गोठवलेलंच. चव जाते."

स्वालाचा बाप तिच्या तान्ह्या भावाला सांभाळत घरी राहिला आणि बाकीचे विमानात बसले. मी ह्याल्तीच्या पिशवीत होतो. पेशी काढून झाल्या, कारखान्याकडे रवाना झाल्या, आणि आम्ही दवाखान्याजवळच्या घरात वाट बघत राहिलो.

पहिला अपमान तिथेच झाला. ह्याल्तीने मोठ्या हौसेने मेंढीच्या मटणाचं सूप शिजवलं, माझ्यात भरलं आणि आम्ही दवाखान्यातल्या स्वालाच्या काचबंद खोलीकडे निघालो. दारातच मालिन नावाच्या नर्सने आडवा हात घातला. ह्याल्तीला स्वीडिश येत नाही. त्या भाषेच्या जवळची, शाळेत शिकलेली गंजकी डॅनिश तो तिच्यावर फेकत होता.

"हे आत नाही जाणार, आजोबा," मालिन म्हणाली.

"घरचं आहे. सकाळी केलेलं. अजून गरम आहे!"

"तीच तर अडचण. तासन्‌तास असं गरम-कोमट राहिलेल्या अन्नात जंतू वाढतात. त्यांच्याशी लढायला तिच्या अंगात आत्ता कोणी नाही. आणि तुम्हाला तर सर्दी झालीय. तुम्हीही काचेबाहेरच."

ऐकलंत, मित्रांनो? ज्या गुणासाठी देवमाशानेसुद्धा मला मान दिला, तोच माझा गुन्हा ठरला. ह्याल्ती काचेबाहेर खुर्चीवर बसला आणि ते सूप त्याने एकट्यानेच संपवलं. मधूनमधून नाक शिंकरत होता. सर्दीमुळे, असं तो म्हणाला.

आणि त्याच दिवसांत मी 'त्याचं' नाव पहिल्यांदा ऐकलं. पिंप. शिकून तयार झालेल्या पेशी एका स्टीलच्या पिंपातून येणार होत्या. आतली थंडी अशी की आमच्या गावचा हिवाळा त्याच्यापुढे उन्हाळा वाटावा. जो तो विचारायचा, "पिंप निघालं का? पिंप कुठपर्यंत आलं?" फोन वाजला की थोर्डिस उडी मारून उठायची. माझ्याकडे कोणी बघेना. एकदा तर मला खिडकीत विसरूनच गेले.

मी डॉक्टरांच्या बोलण्याकडे कान लावला. आणि काय कळलं? पिंपालाही एकात एक अशा दोन भिंती! मधे तेच माझं 'काहीच नाही'! म्हणजे हा आमच्याच कुळातला, फक्त मोठ्या घरी गेलेला. त्याला विमानात जागा राखलेली, सोबत माणूस, अंगावर 'आडवं करू नका' अशी चिठ्ठी. मला जन्मभर लोकांनी काखोटीला मारलं, मासळीच्या जाळ्यावर फेकलं. मी कधी कोणाकडे चिठ्ठी मागितली होती?

मग बातमी आली की बर्फाच्या वादळाने विमानतळ बंद पडला आहे आणि पिंप वाटेत अडकलं आहे. खरं सांगतो, माझ्या मनात आलं, फुटो मेलं! त्याच्या भिंतीला चीर जावो, सगळी थंडी सांडो, मग कळेल लोकांना जुन्या थर्मासची किंमत.

तेवढ्यात ह्याल्ती माझ्याशेजारी येऊन टेकला. काचेपलीकडे स्वाला झोपली होती, उशीएवढी पांढरी. रोग काही विमानाची वाट बघत थांबला नव्हता. थोर्डिस बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, त्या पिंपाला काही झालं तर पुन्हा पेशी काढायच्या, पुन्हा शिकवायच्या. तेवढा वेळ तिच्याकडे नाही." ह्याल्तीने मला उचललं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मनातल्या मनात मी पिंपाला म्हणालो, मेल्या, भिंत सांभाळ. तू मला आवडत नाहीस, पण भिंत सांभाळ.

वादळ निवळलं आणि पिंप आलं. मग काही दिवस स्वालाला औषधं देऊन अंगात नव्या पेशींसाठी जागा केली. आणि ठरल्या सकाळी ते चाकांवर बसून, राजासारखं, आमच्या काचेपलीकडे आलं.

मालिनने कोपरापर्यंत हातमोजे चढवले आणि झाकण उघडलं. पांढरी वाफ भसाभसा बाहेर पडून जमिनीवर पसरली. दिखाऊपणा! वाफ मीही सोडतो, पण बेतानं. आतून एक चपटी पेटी निघाली, पेटीतून एक छोटीशी पिशवी. दोन नर्सनी स्वालाचं नाव आणि जन्मतारीख एकमेकींना मोठ्याने वाचून दाखवली. मग मालिनने पिशवी उचलली आणि सरळ ऊबदार पाण्यात सोडली.

ह्याल्ती खुर्चीवरून ताडकन उठला आणि काचेवर मूठ आपटून ओरडला, "अगं बाई, थांब! असं नाही! सावकाश!"

थोर्डिस दार लोटून बाहेर धावली. "बाबा, काय झालं?"

"पाण्यात टाकली की तिने! गोठलेलं कसं सोडवायचं ते मला विचार. थंडाव्यात ठेवायचं, सावकाश सुटू द्यायचं. घाई केली की मांस फुटतं, सगळा रस वाहून जातो. पोरीचा जीव आहे त्यात!"

थोर्डिसने आत विचारलं. मालिनने पिशवी पाण्यात हलवता हलवताच उत्तर दिलं, आणि थोर्डिसने ते आपल्या भाषेत सांगितलं, "पेशींचं उलटं असतं म्हणे. सावकाश सोडवलं तर मरतात. भरभर ऊब मिळाली तरच जगतात."

ह्याल्तीने काचेवरची मूठ खाली घेतली. जन्मभर मासे सोडवलेला माणूस, आज त्याला पहिल्यांदा कोणी म्हणालं की घाई कर. थोड्या वेळाने त्याने नाक काचेला लावलं. "आणि एवढंसंच? दहा थेंब?"

"बाबा," थोर्डिस म्हणाली, "दहा थेंब म्हणजे काठोकाठ. तुम्हीच शिकवलंत ना?"

पिशवी टांगली गेली. नळीतून थेंब उतरू लागले. "मक्याच्या कणसांचा वास येतोय," स्वाला म्हणाली. तो गोठवताना घातलेल्या औषधाचा वास होता. आणि मी बाहेर बसून हिशेब करत होतो. थंडी पिंपाची, ऊब दुसऱ्याच भांड्यातल्या पाण्याची, थेंब पिशवीचे. माझं काय? पोचा.

काम झाल्यावर पिंप माझ्याशेजारीच आणून ठेवलं. परत नेणारी गाडी यायची होती. मी बोलायचं सोडतो की काय!

"काय हो राजेसाहेब," मी म्हणालो, "विमानातली जागा मऊ होती का?"

त्याने उलट विचारलं, "तुला लोक उघडतात तेव्हा हात कसे असतात?"

"कसे म्हणजे? हातांसारखे. गार पडलेले. माझ्यावर शेकून घेतात."

"मला मोजे घालून उघडतात," पिंप म्हणालं. "आणि मान मागे घेतात. नेलेलं औषध कोणाला लागू पडलं, कोणाला नाही, मला कधीच कळत नाही. तोवर मी दुसऱ्या गावी असतो. तू मात्र इथेच बसणार. तुझी मला फार असूया वाटते."

मित्रांनो, माझा कोणी मत्सर करावा ही माझी फार जुनी इच्छा. ती पुरी झाली आणि मला काही केल्या आनंद होईना. मी काही बोलायच्या आत गाडी आली आणि पिंप गेलं.

पुढच्या दिवसांत स्वालाला ताप चढला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की पेशी कामाला लागल्या की ताप येतो. पण सांगितलेला ताप वेगळा आणि आपल्या पोरीच्या कपाळावरचा वेगळा. ती निखाऱ्यासारखी तापली. त्या थंडगार पिंपाने तिला दिलेली ऊब मला जन्मात कधी जमली नसती. आणि प्रथमच असं झालं की मला ती जमवायचीही नव्हती.

मालिन रोज तिला वस्तू दाखवून नावं विचारायची. या उपचारात कधीकधी डोकं गोंधळतं, ते लगेच कळावं म्हणून. एके सकाळी मालिनने पेन दाखवलं. स्वाला गप्प. घड्याळ दाखवलं. गप्प. थोर्डिसने विचारलं, "मी कोण, राणी?" स्वालाने तिच्याकडे बघितलं आणि नजर भिंतीकडे वळवली. थोर्डिस पाठ फिरवून उभी राहिली. डॉक्टर धावले, औषध दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पेन, घड्याळ, आई, सगळंच परकं.

तिसऱ्या सकाळी मालिन पुन्हा पेन घेऊन आली. ह्याल्तीला घोट घ्यायचा होता. काचेबाहेर उभ्याउभ्याच त्याने मला वर धरलं आणि झाकण फिरवलं. स्वालाची मान वळली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पोच्याकडे. दोन्ही हात पांघरुणातून बाहेर काढले आणि पेला धरल्यासारखे पुढे केले.

"आजोबा," ती म्हणाली, "दहा थेंब."

"काय म्हणाली?" मालिनने विचारलं. "हे उत्तर बरोबर आहे का?"

थोर्डिसला हसू आवरेना आणि रडूही. "एकदम बरोबर," ती म्हणाली.

बाहेर ह्याल्तीने अर्धी कॉफी स्वतःच्या बुटांवर ओतली होती. मला त्या क्षणी जगात कोणाचाही मत्सर वाटत नव्हता. विजेच्या किटलीचासुद्धा नाही.

पुढे ताप उतरला. महिन्याभराने हाडातला मगज तपासला, त्यात रोग सापडला नाही. तपासण्या अजून चालू आहेत आणि प्रत्येक तपासणीआधी ह्याल्ती कॉफीत साखर घालायला विसरतो. पण स्वाला पुन्हा खोक्यावर बसते. कोको मात्र तिच्यासमोर ताजा उकळून, मला उकळत्या पाण्याने धुऊन भरतात. मालिनचा नियम आहे. मला आता त्यात अपमान वाटत नाही. फारसा.

बंदरावर ह्याल्ती अजून गोष्ट सांगतो, ती पिंपाचीच. "काय वाफ! काय थाट!" लोक तोंडं उघडी टाकून ऐकतात आणि मी शेजारी उभा राहून जळतो. सवय एकदम जात नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरात कुठे जुना थर्मास पडला असेल, तर त्याला गरम पाण्याने नीट धुवा, झाकण उघडं ठेवून वाळवा, आणि त्याच्या पोच्याला हसू नका. कोणाला त्या पोच्यावरून घर आठवेल, सांगता येत नाही. आणि कधी एखाद्या दवाखान्याच्या दारात चाकांवरचं एक स्टीलचं पिंप दिसलं, तर बाजूला होऊन त्याला वाट द्या. त्याला सांगा की ओलाव्सविकची पोरगी बरी आहे, त्याला कोणी कळवलं नसेल. आणि माझ्यातर्फे त्याचं थोडं कौतुक करा. फार नको, डोक्यात जाईल त्याच्या.

दहा थेंब पुरेत.