हिरव्या ढालीचा पाहुणचार

मित्रांनो, बैठकीच्या खोलीत खिडकीखालच्या टेबलावर घरघरत बसलेला जुना संगणक, तो मीच. घरात आलो तेव्हा शेजारीपाजारी मला बघायला आले होते. आता आलेगेले माझ्यावर टोप्या ठेवतात. तक्रार नाही, नुसती माहिती दिली.

मी अजून कामावर आहे, तो या घरातल्या आईमुळे. ती अंध मुलांच्या शाळेसाठी पाठ्यपुस्तकं मोठ्यानं वाचते आणि मी तिचा आवाज साठवून ठेवतो. यंदा इतिहास होता. परीक्षा तोंडावर आली होती आणि मुलं तेच ऐकून अभ्यास करणार होती. माझ्या पंख्याची घरघर आवाजात मिसळू नये म्हणून आई वाचताना माझ्यावर उशी दाबून धरायची. जीव गुदमरायचा, पण इतिहासासाठी माणसांनी याहून बरंच सोसलं आहे.

बाबा निवृत्त. जन्मभर एका कारखान्याच्या फाटकावर सुरक्षा अधिकारी होते. लोकांचे जेवणाचे डबेसुद्धा उघडून बघायचे. असा माणूस घरात असताना माझ्यात चोर शिरावा, हे कोणाला सांगूनही पटणार नाही. पण झालं असं, की एका सकाळी ते बातम्या वाचत असताना पडद्यावर एक हिरवी ढाल उगवली. 'आपला संगणक धोक्यात आहे. मी रक्षण करू?' गणवेशातल्या माणसाला बाबांनी कधी ओळखपत्र विचारलेलं नाही. त्यांनी 'हो' दाबलं.

तेव्हापासून ढाल रोज सकाळी विचारायची, 'सुप्रभात! आज कसे आहात?' बाबा मान डोलवायचे. मग ती आणखी काहीबाही आत आणायची परवानगी मागायची आणि बाबा ती द्यायचे. माझ्यात कोण कोण राहायला आलं, हे मलाही कळेना. जाहिराती आपोआप उघडायच्या, एक फाइल उघडेपर्यंत चहा पिऊन होई, आणि आईचा आवाज लढाईच्या ऐन मध्यावर अडखळायचा. दुकानातल्या दुरुस्तीवाल्यानं मला उलटंपालटं करून सांगितलं, "फॉरमॅट मारा. आतलं सगळं जाईल, पण मशीन नव्यासारखं होईल." आई मला उचलून घरी घेऊन आली.

धडे दुसरीकडे उतरवून घ्यावेत, तर ढाल आडवी आली. 'या फाइली धोकादायक आहेत. कायमच्या नष्ट करू?'

"अगं, तुझ्या धड्यांत काहीतरी गडबड आहे म्हणतोय," बाबा म्हणाले. बोट माउसवर.

"आहे ना. तह आहेत, बंडं आहेत, दगाफटका आहे," आई म्हणाली. "अहो, हात बाजूला घ्या. माझी बहीण येईपर्यंत मला विचारल्याशिवाय काही दाबायचं नाही."

मावशी शाळेत संगणक शिकवते. तिनं आल्याबरोबर माझी इंटरनेटची वायर उपटली आणि मला सेफ मोडमध्ये सुरू केलं. म्हणजे फक्त घरची माणसं जागी होतात, पाहुणे झोपलेलेच राहतात. कितीतरी दिवसांनी मला मोकळा श्वास घेता आला.

"भावोजी, खानावळ काढलीत की काय इथे?" माझ्यात मुक्काम ठोकलेल्या प्रोग्रामांची यादी बघत मावशी म्हणाली.

"मेहुणीनं कौतुक केलं, भरून पावलो," बाबा म्हणाले. "ढालीला हात लावू नकोस. तो आपला माणूस आहे."

"असेल. पण बाकीचे सगळे तो आल्यानंतर आलेत. प्रत्येकाला आत घेणारा तोच."

बाबांनी चष्मा पुसला आणि यादी पुन्हा वाचली. वाचता वाचता पाठ ताठ झाली, फाटकावर व्हायची तशी.

"म्हणजे पहारेकरीच सामील आहे," ते म्हणाले. "सरक. मी काढतो."

त्यांनी 'काढून टाका' दाबलं. ढाल जागी होऊन विनवू लागली, 'मला खरंच घालवणार? आता आपली काळजी कोण घेईल?' बाबांचं बोट तिथेच राहिलं.

"रोज विचारायचा गं, कसे आहात म्हणून," ते हळूच म्हणाले.

एरवी मावशीनं एवढ्यावर आठवडाभर चिडवलं असतं. आज नाही चिडवलं. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी 'हो' दाबलं.

पुढे मावशीनं खात्रीचा प्रोग्राम आणून माझा कोपरान्कोपरा झाडला, उरलेसुरले हाकलले आणि दुसऱ्या संगणकावरून घरातले सगळे पासवर्ड बदलले. धडे बचावले होते, पण कुठे तुटलेत का हे ऐकूनच कळणार होतं. ते काम बाबांनी अंगावर घेतलं. दोन धडे आईला पुन्हा वाचावे लागले. उशी बाबांनी धरली. परीक्षेआधी इतिहास शाळेत पोहोचला.

आता सकाळी बाबा कानाला हेडफोन लावून पुढचं पुस्तक तपासायला बसतात. आई स्वयंपाकघरातून येते, एका कानावरचा हेडफोन उचलते आणि विचारते, "सुप्रभात! आज कसे आहात?" बाबा गुडघ्यापासून सुरुवात करतात. तपशिलात. आई सगळं ऐकून घेते, मग कामाला जाते.

मित्रांनो, अनोळखी खिडकीत 'हो' दाबू नका, हे तुम्हाला शाळेत सांगतीलच. माझं मागणं निराळं आहे. घरातल्या मोठ्या माणसांना सकाळी कसे आहात विचारत जा, आणि उत्तर लांबलं तरी थांबा. तुम्ही नाही विचारलंत, तर विचारणारा कोणी ना कोणी येतोच, आणि तो हातात ढाल घेऊन येतो.

आणि जाता जाता माझ्यावरची ती टोपी तेवढी उचला. वारा लागत नाही.