सातव्या महिन्यातली हाक

मी श्यूलुआनची सायकल बोलतेय. रंग मूळचा हिरवा, पण त्यातला निम्मा समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं खाल्ला. चेनकव्हर खडखडतं, फाटक्या सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली असते. माझ्या अंगावर चकचकीत अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे घंटी. आणि ती माझी नाही. तिच्यापायी एक बाई वर्षभर माझ्याकडे पाठ फिरवून राहिली, म्हणून हे सांगायला घेतलंय. नाहीतर सायकलीच्या जन्ममरणाला विचारतंय कोण?

जन्म चांगहुआ शहरातल्या एका कारखान्यातला. तिथून दुकानात, आणि दुकानातून तिएनदिंगच्या हातात. त्याचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं.

"बाईमाणसाला हलकी घ्या हो," दुकानदार म्हणाला. "ही फार दणकट आहे."

"मग बरोबर आहे. बायकोही दणकटच मिळालीय."

शेजारी उभ्या असलेल्या श्यूलुआननं भर दुकानात त्याच्या पाठीत धपाटा घातला. घर बरं मिळालं, हे मला तिथंच कळलं.

आमचं गाव कालवांचं, म्हणजे समुद्रातल्या खायच्या शिंपल्यांचं. पुरुष तराफ्यांवरून कालवांच्या माळा काढून आणतात, बायका शेडमध्ये बसून ती फोडतात. गावातून शेडपर्यंत बांधावरचा रस्ता आहे. एका अंगाला मासळीची तळी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधे नुसता वारा. दोघं रोज सकाळी बरोबर निघायची. ती माझ्यावर पुढे, तो त्याच्या सायकलवर मागे. "तू पुढंच राहा," तो म्हणायचा, "मागं राहिलीस की कुणाशी तरी गप्पा मारत थांबतेस." डबा दोघांत एकच, स्टीलचा, दोन मजली. खाली भात, वर मुळ्याचं ऑम्लेट नाहीतर सोयात शिजवलेली अंडी. कधी तो तिएनदिंगच्या सायकलच्या टोपलीत असायचा, कधी माझ्या कॅरिअरवर रबरी पट्ट्याखाली. ज्याच्या हाताला आधी लागेल त्यानं घ्यायचा, त्यात काही नियम नव्हता.

अशी वर्षं गेली. त्यांची लेक यावेन मोठी झाली, ताइचुंग शहरात नोकरीला लागली. माझे दोन्ही टायर कितीदा बदलले ते मला आठवत नाही.

आता आमच्या पंचांगातल्या सातव्या महिन्याचं सांगते. त्या महिन्यात पाताळाचं दार उघडतं आणि ज्यांना कुणी विचारत नाही असे आत्मे मोकळे सुटतात. भूत हा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही, 'आपले बंधू' म्हणायचं. दारात टेबल मांडून त्यांना जेवण वाढायचं, उदबत्त्या लावायच्या, पत्र्याच्या डब्यात कागदी पैसे जाळायचे. आणि बाहेर असताना कुणी मागून नावानं हाक मारली तर काय वाट्टेल ते झालं तरी वळून बघायचं नाही. बघितलं की हाक मारणारा पाठीशी लागतो. म्हणून त्या महिन्यात शहाणी माणसं रस्त्यात एकमेकांची नावंच घेत नाहीत.

श्यूलुआन बाकी कशाला भ्यायची नाही, पण या गोष्टीला भ्यायची. मग दोघांचं ठरलेलं होतं. सातव्या महिन्यात त्यानं घंटी दोनदा वाजवायची. दोनदा वाजली म्हणजे मागे तिएनदिंग आहे, बिनघोर वळून बघ.

त्या वर्षी माझी घंटी गंजून मुकी झाली. तिएनदिंगनं स्वतःच्या सायकलची काढून माझ्या हँडलवर बसवली.

"आणि तुला?" तिनं विचारलं.

"मला गळा आहे की!"

तेवढं बोलून त्यानं पाना खिशात टाकला, आणि पुढचा विचार दोघांनीही केला नाही.

सातवा महिना लागला. एके सकाळी आम्ही बांधावर होतो. वारा समोरून येत होता, ती मान खाली घालून पेडल मारत होती. एका खड्ड्यात मी आदळले आणि माझं कॅरिअर एकदम हलकं झालं. पट्टा सुटून डबा पडला होता. मला कळलं, तिला नाही. लगेच मागून हाक आली, "श्यूलुआन!"

ती दचकली. घंटी नाही, नाव! तिचे हात माझ्या हँडलवर घट्ट आवळले.

"श्यूलुआन! अगं डबा!"

नाव तिच्यापर्यंत पोचलं, 'डबा' हा शब्द वाऱ्यानं नेला. माझं मागचं चाक तेवढं मागे, म्हणून मला ऐकू आलं. ती पुटपुटत राहिली, "बंधूंनो, माफ करा, मला जाऊ द्या, माफ करा," आणि जीव खाऊन पेडल मारत सुटली. तिसरी हाक आली नाही.

शेडवर पोचल्यावर कॅरिअर रिकामं दिसलं तेव्हा तिला वाटलं, डबा आज त्याच्या टोपलीत असेल. ती त्याची वाट बघत कालवं फोडत बसली. त्याच्याऐवजी आला तो एक तळीवाला, धावत. तिएनदिंग बांधावर सापडला होता. सायकल आडवी, डबा शेजारी. कुणीतरी तो डबा उचलून त्याच्याच टोपलीत ठेवला आणि सायकल घरी आणून लावली.

"हृदय बंद पडलं," डॉक्टर म्हणाले. "क्षणात गेले. तुम्ही जवळ असतात तरी काही करता आलं नसतं."

"हाक मारण्याइतका वेळ होता त्याला," ती म्हणाली. "मला वाचव म्हणून हाक मारत होता तो. आणि मी पळाले."

मला सगळं माहीत होतं, पण मला सांगता येईना! सायकलीला काय तोंड असतं? त्याची सायकल धाकटा दीर घेऊन गेला. मला तिनं घरामागच्या खोपटात नेलं, जुनी जाळी अंगावर टाकली आणि दार ओढून घेतलं.

त्या खोपटात कधी कधी माझी घंटी आपोआप वाजायची. एकदाच, हलकी. उंदीर असेल. मी उंदीरच म्हणते. पण ती वाजली की स्वयंपाकघरातला सुरीचा आवाज थांबायचा आणि बराच वेळ पुन्हा सुरू व्हायचा नाही.

वर्षभर ती बसनं शेडवर गेली. मग एक दिवस बसच बंद झाली, माणसं नाहीत म्हणून. यावेन ताइचुंगहून आली.

"आई, पुरे आता. घराला कुलूप लाव आणि चल माझ्याकडे."

"आणि बाबाला रोज उदबत्ती कोण लावणार?"

"बाबाच्या नावाची पूजेतली पाटी घेऊन जाऊ आपण. तिकडे लावू."

"तो कालवांच्या वासाचा माणूस. त्याला तुझ्या आठव्या मजल्यावर कोंडू?"

"मग कामावर कशी जाणार आहेस? स्कूटर घेऊन देते म्हटलं तर नको. सायकल घरात आहे तर तिला हात लावत नाहीस. चालत जाशील? उन्हात मरशील एक दिवस."

यावेन वाईट मुलगी नाही, पण ती बोलून गेली. जाताना तिनं निक्षून सांगितलं, सातव्या महिन्याच्या अखेरीला येते, तोवर काही सोय झाली नाही तर सामान बांधायचं. शेडवालीनंही निरोप पाठवला होता की वेळेवर येणं जमत नसेल तर दुसरी बाई बघते. श्यूलुआनला दुसरं काही नको होतं. ते गाव, ते काम, आणि भिंतीवरच्या फोटोतल्या माणसाशी सकाळ-संध्याकाळ भांडण. तेवढंच जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी खोपटाचं दार उघडलं. तिनं माझ्यावरची जाळी काढली, हवा भरली, चेनला तेल दिलं. घंटीला मात्र बोट लावलं नाही. मग मला रस्त्यावर आणलं आणि बसायच्या ऐवजी हातात धरून चालवत शेडपर्यंत नेलं. शेडमधल्या बायका हसून लोळल्या.

"अगं, सायकल तुला आणते की तू सायकलला आणतेस?" आलिएन काकू म्हणाल्या. या काकू म्हणजे शेजारच्याच. सत्तरी उलटली तरी तीनचाकी सायकलवर येतात, आणि जीभ कालवं फोडायच्या सुरीहून तेज.

"म्हातारी झालीय ती. जरा सवय करतेय," श्यूलुआन म्हणाली. म्हातारी म्हणे मी!

असे काही दिवस गेले. मग गावातल्या सपाट रस्त्यावर ती बसायला लागली, पण बांध आला की उतरायची. तिचे तळहात घामानं ओले व्हायचे, माझ्या मुठींना ते कळायचं. त्यात सातवा महिना पुन्हा लागला. दारोदार टेबलं मांडली गेली, हवेत उदबत्त्यांचा धूर भरला. रोज उशीर होत होता. शेडवालीचं तोंड फुगत चाललं होतं.

एके सकाळी ती बांधाच्या तोंडाशी उतरली, उभी राहिली आणि माझ्या हँडलकडे बघून म्हणाली, "आज हाक मारलीस तर वळेन. घेऊन गेलास तरी चालेल. पण ह्या रस्त्याला भिऊन मी गाव सोडणार नाही." आणि पाय टाकून बसली.

वारा समोरूनच होता. ती भराभर पेडल मारत होती. त्याच जागी, त्याच खड्ड्यात मी आदळले. तो जुना पट्टा पुन्हा सुटला आणि माझं कॅरिअर हलकं झालं. आणि मागून आलं,

"श्यूलुआन!"

माझ्या मुठींवर तिचे हात आवळले. मला वाटलं, आता पुन्हा पळणार. तिनं दोन्ही ब्रेक इतके जोरात दाबले की मी जवळजवळ तोंडावर आपटले. एक पाय जमिनीवर टेकवून, डोळे मिटून ती वळली. मग डोळे उघडले.

रस्त्यावर डबा पडला होता. झाकण उघडलेलं, अंडी धुळीत. आणि लांबून आलिएन काकूंची तीनचाकी येत होती. काकू घंटी वाजवत होत्या, पण वाऱ्यात तिचा आवाज जेमतेम येत होता. श्यूलुआननं डब्याकडे पाहिलं. मग माझ्या कॅरिअरवर लोंबकळणाऱ्या पट्ट्याकडे. मग पुन्हा डब्याकडे. बघता बघता ती मटकन खाली बसली.

"डबा," ती म्हणाली. "डबा पडला होता! तेवढंच सांगत होता तो. डबा त्या दिवशी माझ्याकडे होता!" आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता तोंडात पदर कोंबावा तशी गळ्यातला टॉवेल तोंडात धरून रडली. वर्षभरात ती अशी रडली नव्हती.

काकू धापा टाकत पोचल्या. "घंटी वाजवून वाजवून अंगठा दुखला माझा! बहिरी झालीस का गं? अंडी गेली ना मातीत!"

"ऐकलं की, काकू. म्हणून तर थांबले. नावानं हाक मारलीत तुम्ही."

"मी?" काकूंचा चेहरा उतरला. "सातव्या महिन्यात? बांधावर? मला काय वेड लागलंय? मी तोंडसुद्धा उघडलेलं नाही."

 बांधावर तिसरं कुणी नव्हतं. काकूंनी हात जोडले, काहीतरी पुटपुटल्या आणि मागे न बघता तीनचाकी हाणत निघून गेल्या.

श्यूलुआन मात्र सावकाश उठली. डब्यातला भात वाचला होता, त्यातला थोडा तिनं रस्त्याच्या कडेला वाढला. पट्टा दोनदा ओढून बघितला. मग माझ्यावर बसली, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिचा अंगठा त्या घंटीवर आला. तिनं ती दोनदा वाजवली.

"कळलं रे," ती म्हणाली. "आता चल, उशीर होतोय."

यावेन महिनाअखेर आली आणि एकटीच परत गेली. मी रोज बांधावरून जाते. आता खरंच म्हातारी झालेय, मागचा आरा कधी तुटेल सांगता येत नाही. मोडीत घालाल तेव्हा घाला, फक्त ही घंटी काढून घ्या आणि दुसऱ्या कुठल्या सायकलीला लावा. आणि तुमच्या मागून कुणी हाक मारली तर एकदा वळून बघा हो. बहुतेक वेळा तुमचंच काहीतरी पडलेलं असतं.

त्या खड्ड्यापाशी श्यूलुआन अजून रोज घंटी दोनदा वाजवते. तिथून शेडपर्यंत माझं कॅरिअर रोज जड असतं. डबा हल्ली ती माझ्या पुढं बसवलेल्या नव्या टोपलीत ठेवते.