हिरवी खूण खोटी होती

मित्रांनो, मी चाचणीचा एक जुना फोन आहे, आणि मला फार राग आला आहे.

तळेगावच्या एका छोट्या कंपनीत माझी नोकरी होती. नवं अ‍ॅप आधी माझ्यावर चालवून बघत. श्रीयश नावाचा मुलगा तेव्हा गुरांच्या डॉक्टरांना बोलावण्याचं अ‍ॅप बनवत होता. बटण दाबलं की डॉक्टरांना निरोप जायचा.

आता निरोपाचं असं असतं, की पोच लगेच येत नाही. कधी क्षणात येते, कधी मिनिटाने, कधी येतच नाही. तोवर अ‍ॅप थांबत नाही, पुढची कामं करत राहतं. निरोप अडला तर मी ते नंतर अ‍ॅपला कळवतो. तेव्हा ऐकणारं कुणी हवं!

सुरुवातीला श्रीयश ऐकायचा. रेंज गेली की माझ्या पडद्यावर लाल अक्षरं यायची. पण पाहुण्यांना अ‍ॅप दाखवायच्या आदल्या दिवशी कंपनीचे मालक दिगंबरसाहेब म्हणाले, "हे लाल लाल काय? वाईट दिसतं. काढून टाक."

श्रीयशने माझी तक्रार आतल्या आत गिळून टाकायची सोय केली. बटण दाबताच हिरवी खूण यायची, 'निरोप पोहोचला'. पाहुण्यांनी वाहवा केली. मी मात्र आतून जळत होतो.

मग वापरून बघायला मला औंढ्याच्या भिमाजींकडे दिलं. ते आणि त्यांची सून अनिता मला नीट पुसून ठेवत. एका दुपारी त्यांची गाय अडली. वासराचे पाय बाहेर दिसत होते, पण वासरू सरकत नव्हतं. अनिताने बटण दाबलं. रेंज नव्हती. निरोप गेलाच नाही. मी अ‍ॅपला पुन्हा पुन्हा सांगितलं. पडद्यावर हिरवी खूण तशीच!

"आबा, मी जाऊन डॉक्टरला घेऊन येऊ का?" अनिताने विचारलं.

"कशाला? निरोप गेलाय न्हवं. येत्यालच आता."

ते वाट बघत बसले. गाय कण्हत होती. शेवटी अनिता पळत गेली. डॉक्टर घरीच होते. त्यांना काही कळलंच नव्हतं. ते धावत आले, गाय वाचली. वासरू गेलं.

दुसऱ्या दिवशी अनिताने मला दिगंबरसाहेबांच्या टेबलावर आपटलं.

"ताई, तुमच्याकडे रेंज नव्हती, त्याला आम्ही काय करणार?" साहेब म्हणाले.

"रेंज नसती, ते मला ठाव हाय! निरोप गेला न्हाई, तर गेला न्हाई म्हणायचं. मी तवाच पळाले असते. खोटं का सांगितलंत?"

श्रीयशचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे झालं, ताई," तो म्हणाला आणि तिथेच कामाला बसला. आता खरी पोच आल्याशिवाय हिरवी खूण येत नाही. नाहीतर मोठ्या अक्षरांत येतं, 'निरोप गेला नाही. दुसरी सोय बघा.'

"लोक घाबरतील रे," साहेब पुटपुटले.

"घाबरू देत, सर."

पण वासरू काही परत येत नाही. माझा राग उतरलेला नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी अ‍ॅप बनवेल. आमची तक्रार कितीही उशिरा आली, तरी ती दडपू नका. गोठ्यात वाट बघत बसलेल्या माणसाला खरं काय ते सांगा. त्याला धावायला वेळ मिळू द्या.